अमावस्येला बांधलेली शाळा

आमच्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते. लोक म्हणतात, ही मिरवते. हो, मिरवते. पण पदवीच्या कितीतरी आधीपासून मी आणखी एक गोष्ट मिरवत आले आहे, आणि ती म्हणजे आमच्या गावच्या शाळेची इमारत. तिथले गुरुजी, तिथलं शिक्षण यांचं कौतुक दुसऱ्यांनी करावं. मी भिंतींविषयी बोलते आहे, कमानींविषयी, जिन्याविषयी.

तिवशाच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की बराच वेळ दोन्ही बाजूंना काळी माती असते. कपाशी, तूर, मध्येच कुणाचा तरी संत्र्याचा बगीचा. मग चढ लागतो आणि माती संपते. जमिनीतून काळा दगड वर आलेला दिसायला लागतो. तिथं आमचं गाव. गाव कसलं, खदान आधी आणि गाव मागून. रेल्वेचे रूळ टाकायचे होते तेव्हा त्याखालच्या गिट्टीसाठी ही खदान सुरू झाली म्हणतात. ज्यांची जमीन थोडी, ज्यांची नुसती मक्त्याची, अशी आसपासची कुणब्यांची घरं उन्हाळाभर खदानीत यायची. पुढं ती तिथंच राहिली. आमचं घर त्यातलंच. आजोबा दगड घडवायचे, बाबांनीही तेच केलं.

गावातली घरं मातीची. आता काही सिमेंटची झाली, पण माझ्या लहानपणी मातीच्या भिंती आणि वर टिनं. आणि या सगळ्या बुटक्या घरांच्या मधोमध ती शाळा. दोन मजली, अख्ख्या काळ्या दगडाची. समोर कमानींचा लांब व्हरांडा. मधोमध जिना, इतका रुंद की शाळा सुटली की अख्खा वर्ग हात धरून एका रांगेत खाली उतरायचा. वर मोठा हॉल. हॉलवर मेळघाटातल्या सागवानाच्या कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, आणि त्यावर कौलं. मे महिन्यात बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नाही तेव्हा त्या हॉलमध्ये फरशीवर गाल टेकून झोपलं की थंडी वाजायची. आणि घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. त्याचा आवाज खदानीच्या तळापर्यंत जायचा. तळातली माणसं त्या आवाजावरच जेवायला बसायची.

एवढी मोठी शाळा एवढ्याशा गावात कशी, असं नवा माणूस विचारायचाच. तो कुणी राजाचं, जमीनदाराचं, साहेबाचं नाव ऐकायच्या तयारीत असायचा. आमच्याकडे सांगायला नाव नव्हतं. आमच्याकडे अमावस्या होती.

अमावस्येला, आमच्या तोंडी अमोशा, खदान बंद असते. आजही असते. त्या दिवशी सुरुंग लावायचा नाही, खडकाला छिन्नी-टाकी लावायची नाही. बैलही जुंपायचे नाहीत. मजुरी नाही, पण कामही नाही. तर आजोबांच्याही आधीच्या काळी गावात शाळा नव्हती, आणि पोरं खदानीत खडी वेचत फिरायची. कधीतरी खदानीच्या मुकादमानं म्हटलं, ‘अमोशेले खडक फोडाचा नाई, पन फोडलेला दगड घडवाले कोनी मना केलं?’ झालं. बांधकामाच्या मापात न बसलेला, बाजूला टाकलेला दगड मालकाकडून मागून घेतला. आदल्या दिवशी शेतकऱ्यांच्या बैलबंड्या तो शाळेच्या जागेवर आणून टाकायच्या, आणि अमावस्येला अख्खं गाव तिथं बसून तो घडवायचं. पुरुष टाकी चालवायचे, बाया चुना मळायच्या. मजुरी कुणालाच नाही. दुपारी भाकर आणि झुणका, तोही घराघरातून आलेला. महिन्याला एक दिवस, आणि पावसाळ्यात तोही बुडायचा. म्हणून शाळा उभी राहायला एक पिढी गेली. पायाचा दगड ज्यांनी घडवला त्यातल्या कित्येकांनी कौलं पाहिली नाहीत. त्यांच्या नातवंडांनी पाहिली.

एक रीत मात्र होती. प्रत्येक घराची एक खूण. टाकीनं दोन-तीन घाव घालून दगडावर ती काढायची, आणि दगड बसवताना खुणेची बाजू भिंतीच्या आत जायची. बाहेर काही दिसायचं नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, ‘मंग खून काढाचीच काहून?’ बाबा म्हणाले, ‘दगडाले मालूम असते ना.’

इमारत पुरी झाली तरी अमोशा थांबली नाही. तो आमच्या गावाचा कायदाच झाला. महिन्याच्या त्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस शाळेत जायचं. कुणी झाडायचं, कुणी पावसाळ्याआधी कौलं फेरायचं, कुणी रांजण घासायचं. मी स्वतः दहावीपर्यंत फरशी धुतली आहे.

पुढं मी अमरावतीला कॉलेजात गेले. एका वकिलाच्या घरी मागची खोली भाड्यानं घेतली होती. माणसं चांगली, घर सगळं शिकलेलं. वकिलीणबाई माझं बोलणं सुधारायच्या. ‘मले नाही गं, मला म्हण.’ मी म्हणायचे. आता तर मी अकोल्याला शाळेत मराठीच शिकवते, तेव्हा मला चांगलंच ‘मला’ म्हणता येतं. पण वर्गात पहिल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, ‘तू त्या खदानीच्या गावची ना? तिकडं शाळा आहे का?’ मी तिला म्हटलं, ‘तुमच्या या कॉलेजचे खांब विटांचे आहेत, वरून गिलावा. आमच्या शाळेचे अख्ख्या दगडाचे आहेत. कधी ये, दाखवते.’ ती आली नाही. पण परत विचारलंही नाही.

हे सगळं यासाठी सांगितलं, की आमच्या गावाला त्या इमारतीचा अभिमान किती आहे हे कळल्याशिवाय पुढचा घोटाळा कळणार नाही.

परवाच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. शाळा आता जुनी झाली आहे. हॉलच्या मागच्या भिंतीला कमानीच्या वरून खालपर्यंत मोठी भेग पडली होती. त्या भेगेत पिंपळाचं रोप वाढलेलं. एका कैचीचं भिंतीतलं टोक पाणी गळून गळून कुजलं होतं. पाऊस आला की तिथून पाणी धार लावायचं. माझी भाची तेव्हा आठवीत, तिचा वर्ग त्याच हॉलमध्ये भरायचा. तिची जागा भिंतीला टेकून.

अशात मुख्याध्यापक बाईंना कळवण्यात आलं, की बांधकाम खात्याचे साहेब इमारत पाहायला येणार. या बाई मोर्शीकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी सरपंचांना एवढंच सांगितलं, की पाहणी आहे. पण पाहणी हा शब्द ऐकून गाव हादरलं. कारण शेजारच्या गावातली अशीच जुनी शाळा मागच्या साली पाहिली होती, धोकादायक ठरवली होती आणि पाडली होती. पोरं अजून टिनाच्या शेडमध्ये बसतात.

सरपंच माझ्या नात्यानं काका लागतात. त्यांनी पारावर सभाच घेतली. माझा भाऊ तिथं होता, त्यानं मला सगळं फोनवर सांगितलं.

‘पोरगी पाहाले पाहुने येतात,’ काकाजी म्हणाले, ‘तवा तुमी पोरीले फाटक्या लुगड्यात बसवता का?’

‘नाई जी.’

‘मंग? परवा अमोशा हाये. साहेब तिच्या दुसऱ्या दिवशी येऊन राह्यले. समजलं का?’

समजलं. त्या अमावस्येला प्रत्येक घरातून एक नाही, सगळीच्या सगळी माणसं गेली. पिंपळ कापला, भेगेत सिमेंट भरलं, वरून लिपून घासून सपाट केलं. कुजलेल्या कैचीला काळा तेलरंग मारला. जिन्याला गेरू. हॉलच्या मागच्या भिंतीवर साहेबांच्या स्वागताचा मोठा फ्लेक्स. आणि जुन्या इमारतीचा इतिहास साहेबांना ऐकवावा म्हणजे पाडायचं मन होणार नाही, असंही ठरलं. तो कोण सांगणार? गावातली शिकलेली पोरगी. मला सुटी काढून यायचा हुकूम सुटला.

मी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून घरी पोचले तेव्हा माझी आई हातपाय धुऊन, नवं लुगडं नेसून तयार होती. तिनं मला घरात टेकूही दिलं नाही. थेट शाळेत, हॉलमध्ये नेलं आणि फ्लेक्स जरा बाजूला करून म्हणाली, ‘पाह्य. म्यां लिपलं. भेग दिसते का कुठी?’

दिसत नव्हती. हात फिरवला तर सिमेंट अजून ओलसर लागत होतं.

‘माय,’ मी म्हटलं, ‘हे कशासाठी?’

‘इमारत वाचवाले,’ ती म्हणाली. ‘अजून कशासाठी?’

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी फ्लेक्स परत सरळ केला.

साहेब आले ते तरुण होते. गाडीतून उतरले, जिन्याकडे पाहिलं आणि खरंच थबकले. ‘अरे वा,’ म्हणाले. काकाजींनी अशा डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं मुलीला होकारच आला. साहेबांनी व्हरांडा पाहिला, कमानी पाहिल्या, वर हॉलमध्ये आले. त्यांना त्या दिवशी आणखी बऱ्याच शाळा पाहायच्या होत्या. मान वर करून छपराकडे पाहिलं, भिंतींवरून नजर फिरवली. चहा आला, चिवडा आला. बाई दोनदा काही सांगायला पुढं झाल्या. दोन्ही वेळा काकाजींनी मध्ये बशी धरली. ‘घ्या ना साहेब, घ्या.’

साहेबांनी चहा संपवला आणि बाईंना म्हणाले, ‘अभिनंदन. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची योजना आली आहे. ज्यांची अवस्था वाईट त्यांना आधी. तुमची इमारत तर उत्तम ठेवलीय तुम्ही. हिला काही गरज नाही. दुसऱ्या गावाला देता येईल.’

हॉलमध्ये गाव बसलं होतं. पुढं पोरं, मागं पुरुष, एका बाजूला बाया. सगळ्यांनी ते ऐकलं. पाडायला नव्हते आले. दुरुस्त करायला आले होते. आणि आम्ही पोरीला इतकं सजवलं होतं, की पाहुणे म्हणाले हिला काही कमी नाही, चला दुसऱ्या घरी.

मी काकाजींजवळ गेले. ‘सांगा ना त्याइले.’

‘काय सांगू?’ ते ओठ न हलवता म्हणाले. ‘काल लिपलं म्हनून? गावाची इज्जत काय राह्यल? अमोशेच्या दिवशी बसून गावानं साहेबाले फसवलं, हे सांगू?’

‘मंग पाऊस आल्यावर?’

‘पाहू मंग पावसाचं.’

‘काकाजी, माही भाची तिथं टेकून बसते.’

साहेब घड्याळ पाहत उठायला लागले. तेव्हा बाईंनी मोठ्यानं म्हटलं, ‘साहेब, एक मिनिट. शाळेचा इतिहास ऐकून जा. आमची माजी विद्यार्थिनी सांगणार आहे.’ आणि माइक माझ्या हातात दिला. देताना माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नोकरीतल्या बाई, गावात राहायचं होतं त्यांना. मला संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत जायचं होतं.

पण मला खरी भीती गावाची नव्हती. माझी आई बायांच्या पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. ती आयुष्यात पहिल्यांदा मला माइकवर पाहणार होती.

मी इतिहास सांगितला. खदान सांगितली, बंड्या सांगितल्या, मुकादमाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. भिंतीच्या आत गेलेल्या खुणा सांगितल्या. साहेब परत खाली बसले. गाव माना डोलवत होतं. हे सगळं त्यांना माहीतच होतं, पण माइकमधून ऐकताना ते मोठं वाटतं. मग मी म्हटलं, ‘ही अमोशा आमच्या गावानं आजपर्यंत मोडली नाही. कालपण मोडली नाही. तर आता कालच्या अमोशेचंही सांगते, साहेब. काल आमच्या गावानं ही फ्लेक्समागची भिंत लिपली.’

एक म्हातारा मागून ओरडला, ‘अवं पोरी!’

‘भेग होती,’ मी म्हटलं. ‘हात जाईल एवढी. आम्हाला वाटलं तुम्ही पाडायला येता. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे घर लिपतात. ते आम्ही केलं.’

काकाजी उठले. ‘शिकून हे शिकली का तू? शिकवलं कोनी तुले? याच शायेनं ना?’

मला रडू येत होतं. साहेब एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीकडे पाहत होते. भिंत सपाट, त्यावर फ्लेक्स. माझ्या बोलण्याशिवाय काहीच पुरावा नव्हता.

तेव्हा आई उठली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशी खिचडी शिजवणारी बाई उभी होती, तिच्या हातातलं लोखंडी उलथनं घेतलं, भिंतीजवळ गेली, फ्लेक्स ओढून खाली पाडला आणि लिपलेल्या जागी उलथन्याची धार मारली. सिमेंट कच्चंच होतं. ढलपे होऊन खाली पडायला लागलं.

‘थांब वो,’ कुणीतरी म्हणालं.

‘काहून थांबू?’ ती पाठमोरीच म्हणाली. ‘म्यां लिपलं, मीच उकरते. तुमचं तुमी उकरा. तो तिकडचा कोपरा कोनाचा होता?’

कोपरा आमच्या शेजारणीचा होता. ती तोंडाला पदर लावून हसत उठली. मग दुसरी उठली. बायांनी उलथनं, झारे, विळे, जे मिळालं ते आणलं. पोरं आनंदानं किंचाळत होती, कारण शाळेत भिंत खरवडायची परवानगी कुणाला मिळते! माझा भाऊ बाकावर बाक ठेवून वर चढला आणि कैचीच्या टोकाचा तेलरंग खरवडला. आतून भुसा गळला. भेग उघडी झाली, तिच्यात पिंपळाचं मूळ मनगटाएवढं. त्यातून मागच्या आभाळाचा एक तुकडा दिसत होता.

साहेबांनी त्या भेगेत पेन घातलं, ते अख्खं आत गेलं. पोरांना ताबडतोब हॉलबाहेर काढायला सांगितलं. मग फोटो काढत बसले. पुढच्या गावाला फोन करून उशीर होईल म्हणाले.

काकाजी जिन्यात एकटे बसले होते. साहेब उतरताना त्यांच्यापाशी थांबले. काकाजींनी वर पाहिलं आणि म्हणाले, ‘घ्या साहेब. पोरीनं तोंड धुतलं. आता जशी हाये तशी पाहून घ्या.’

साहेब हसले. ‘पोरगी पसंत आहे,’ म्हणाले. ‘फक्त यापुढं चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. आतला ओलावा कोंडतो.’

त्या पावसाळ्यात आठवी व्हरांड्यात भरली. दुरुस्ती मंजूर झाली, सगळी नाही, आधी हॉल आणि छप्पर. दिवाळीनंतर काम सुरू झालं. भेगेच्या जागचे ढिले दगड काढून परत बसवायचे होते, आणि त्यासाठी ठेकेदाराच्या माणसांनी पहिला मोठा दगड उतरवला. उतरवून अंगणात पालथा ठेवला, तर आतली बाजू वर आली. तिच्यावर खूण होती. टाकीचे तीन घाव, एका ठिकाणाहून फुटलेले, कावळ्याच्या पायासारखे.

ही बातमी गावात पोचायला किती वेळ लागतो? मी नेमकी त्या दिवशी गावात होते. पाहते तर अंगणात गर्दी.

‘आमची हाये,’ बाबा म्हणत होते. बाबा आता काठीनं चालतात, पण त्या दिवशी काठी बगलेत होती. ‘माह्या आजाची. तीन घाव आमचेच.’

‘तुमचे तीन घाव उभे,’ शेजारचे आबाजी म्हणाले. ‘हे फाकलेले हायेत. हे आमचे.’

‘तुह्या आजानं कधी एवढा सरळ दगड घडवला का बे?’

‘अन् तुह्या आजानं?’

काकाजी मध्ये पडले, तर त्यांचंही म्हणणं की नीट पाहिलं तर ती सरपंचाच्याच घराची. ठेकेदाराची माणसं दगडावर बसून बिडी पीत होती. वाद संपेपर्यंत त्यांना काम नव्हतं. बाबांनी मला पाहिलं.

‘हे शिकेल हाये,’ ते सगळ्यांना म्हणाले. ‘सांगन ते. सांग वो, कोनाची?’

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. भिंतीचं खरं सांगितल्यापासून गावात माझ्या शब्दाला असं काही वजन आलं होतं, की मी म्हणेन ते खरं धरलं गेलं असतं. मी खाली बसले. घावांवर बोट फिरवलं. चुन्याचा जुना कण बोटाला लागला. खूण कुणाची हे सांगायला मला काहीच आधार नव्हता.

‘मले नाई समजत,’ मी म्हटलं. ‘तिघांचीही असन.’

‘पाहा,’ आबाजी म्हणाले, ‘कॉलेजात जाऊन काय उपेग.’

सगळे हसले. दगड उलटा झाला, खूण परत भिंतीत गेली, वरून चुना आला. आईनं सांध्यावरून अंगठा फिरवून पाहिला आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाली, ‘रंग नको देऊ याले.’ आता आठवी परत हॉलमध्ये बसते. भाची नववीत गेली, पण शाळा सुटली की एकदा वर हॉलमध्ये जाऊन भिंतीला टेकून येते म्हणते.

हे मी अकोल्यात बसून लिहिते आहे आणि हे वाचायला आबाजी काही येणार नाहीत. तेव्हा सांगते. खूण आमचीच होती.